पण हे रेकॉर्ड कोण करतंय?

तो प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असतोच. कानात कायम काहीतरी खुपसलेलं, चेहऱ्यावर आपण इथले नसल्याचा भाव, आणि लोकलच्या गर्दीत किंवा भाजी निवडता निवडता अचानक दचकायची सवय. आपल्याला वाटतं, गाणी ऐकत असेल. फार तर पहाटे चारला उठून कोट्यधीश झालेल्या कुणाचं प्रवचन ऐकत असेल. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. हा गोष्टी ऐकतो. रचलेल्या, नटांनी बोललेल्या, पावलांच्या आणि करकरणाऱ्या दारांच्या आवाजांनी भरलेल्या, भागाभागांनी येणाऱ्या गोष्टी, म्हणजे फिक्शन पॉडकास्ट. नवविधा भक्तीत पहिलं श्रवण आणि दुसरं कीर्तन. हा श्रवणभक्त पहिल्यावर फार रेंगाळत नाही. ‘हेडफोन लावूनच ऐका’, ‘पहिले चार भाग सोसा, पाचव्यापासून पकड घेतं’, अशा आज्ञा सुटू लागतात. पाहुण्यांसमोर तो स्वयंपाकघरातून कॉर्नफ्लॉवरची पिशवी आणतो, त्यांच्या कानाशी ती दाबून ‘हे बर्फातलं पाऊल’ असं जाहीर करतो, आणि संध्याकाळच्या सूपसाठी ठेवलेलं पीठ जमिनीवर सांडतो. हेही एक वेळ चालतं. त्याचा खरा आजार वेगळा आहे. तो आजार म्हणजे एक प्रश्न, आणि तो प्रश्न तो कुठेही विचारतो.

सिनेमात नायक मनातल्या मनात बोलू लागला की हा शेजारच्याच्या कानात कुजबुजतो, ‘ठीक आहे, पण हे रेकॉर्ड कोण करतंय?’ मालिकेतली सासू एकटीच आरशासमोर कारस्थान उलगडून सांगते, तेव्हाही तेच. सत्यनारायणाच्या पूजेत कलावती प्रसाद न घेता धावत सुटते, एवढ्यात हा गुरुजींना विचारतो की सूत ही कथा नैमिषारण्यात बसून सांगतायत, मग बंदरावर त्या वेळी होतं कोण? गुरुजी उत्तरादाखल शंख फुंकतात. सोसायटीच्या बाकावर आजोबा पानशेतच्या पुराचं वर्णन रंगात येऊन करत असतात, पाणी कुठवर चढलं ते हाताने दाखवत असतात, आणि हा नम्रपणे विचारतो, ‘आजोबा, तुम्ही स्वतः कुठे होतात?’ निष्पन्न असं होतं की १२ जुलै १९६१ रोजी आजोबा सोलापुरात होते. बाक तुटेस्तोवर शांतता पसरते. लग्नाच्या व्हिडिओपुढे मात्र हा अगदी समाधानाने बसतो, कारण तिथे रेकॉर्ड कोण करतंय हे स्पष्ट असतं आणि त्याचं बिलही आलेलं असतं.

तरीही, आणि हे मान्य करताना जिवावर येतं, प्रश्न वेडगळ नाही. चित्र समोर असलं की आपण ते कुठून आलं असं विचारत नाही. शंभरेक वर्षांच्या सिनेमाने डोळ्याला तशी शिस्त लावली आहे. कानाला ती शिस्त लागलेली नाही. अंधारात मागून आवाज आला की माणूस काय बोललं गेलं हे नंतर ऐकतो, आधी विचारतो, ‘कोण आहे?’ केवळ आवाजावर उभ्या राहणाऱ्या कलेचं सगळं शास्त्र या एका प्रतिक्रियेत आहे. जानेवारी १९२४ मध्ये बीबीसीने रिचर्ड ह्यूज यांचं ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ प्रसारित केलं. खास रेडिओसाठी लिहिल्या गेलेल्या पहिल्या नाटकांत त्याची गणना होते. नाटक घडतं कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यानंतर. श्रोत्याला दिसत नाही ही अडचण होती. ह्यूज यांनी पात्रांनाही दिसेनासं करून ती मिटवली. आता पात्रांनी एकमेकांना ‘कोण आहे तिथे?’ असं विचारणं स्वाभाविकच झालं. हा उपाय ज्यांना सुचत नाही त्यांची पात्रं काय बोलतात हे सर्वांना ठाऊक आहे: ‘अरे बापरे, तो बघ, निळा शर्ट घातलेला माणूस डाव्या हातात सुरा घेऊन जिना चढतोय!’ सुऱ्यापेक्षा हे वाक्यच जास्त जीवघेणं असतं.

दुसरा पुरावा याहून प्रसिद्ध आहे. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स आणि त्यांच्या मंडळींनी एच. जी. वेल्स यांची मंगळवासीयांची कादंबरी रेडिओवर आणली. तिचा पहिला भाग त्यांनी नाटकासारखा केलाच नाही. नाचाच्या संगीताचा कार्यक्रम चालू आहे आणि तो तोडून तोडून बातम्या येतायत असा बनाव केला. बातमीदाराचं काम करणारा नट फ्रँक रीडिक याने आदल्या वर्षीच्या हिंडेनबर्ग हवाईनौकेच्या दुर्घटनेचं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून घेतलं होतं, माणसाचा आवाज डोळ्यांदेखत कसा फुटतो ते शिकण्यासाठी. पण कमाल त्याच्या आवाजाची नव्हे, तो बोलता बोलता तुटल्यानंतरच्या काही सेकंदांची आहे. ऑर्सन वेल्स यांनी तिथे काहीच वाजू दिलं नाही. माईक मेला म्हणजे माणूस मेला, हे श्रोत्याने स्वतः जोडलं. त्या रात्री देशभर हाहाकार झाला, ही कथा पुढे वर्तमानपत्रांनी बरीच फुगवल्याचं अभ्यासकांचं मत आहे. तरी ज्यांनी ज्यांनी विश्वास ठेवला त्यांनी मंगळावर ठेवला नव्हता, बातमीदारावर ठेवला होता. आवाज कुठून येतोय याचं उत्तर पटलं की आवाज काहीही सांगू शकतो.

आजच्या फिक्शन पॉडकास्टने हाच धडा गिरवला आहे. २०१२ मध्ये सुरू झालेलं ‘वेलकम टू नाइट व्हेल’ घ्या. वाळवंटातल्या एका काल्पनिक अमेरिकन गावाचं हे स्थानिक रेडिओ केंद्र. निवेदक शांत, गोड आवाजात कळवतो की नव्या श्वान-उद्यानात श्वानांना प्रवेश नाही आणि माणसांनाही नाही. मग ‘हवामान’ म्हणून गाणं लावतो. गावात अघोरी प्रकार चाललेत, पण सूचना देण्याची पद्धत नगरपालिकेची आहे. जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रेनर या लेखकांचा विनोद आणि भीती दोन्ही त्या पद्धतीतून येतात. २०१५ च्या ‘लाइमटाउन’मध्ये तीनशेहून अधिक माणसं नाहीशी झालेल्या गावाचा तपास एक रेडिओ पत्रकार करते. ‘वुल्फ ३५९’ मध्ये अवकाशस्थानकावरचा कंटाळलेला संपर्क अधिकारी रोजनिशी बोलून ठेवतो. आणि २०१६ ते २०२१ या काळात दोनशे भाग चाललेलं ब्रिटिश ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’, श्रवणभक्ताचं तीर्थक्षेत्रच. लंडनच्या एका संस्थेचा अभिलेखपाल लोकांनी लिहून दिलेल्या भयानक जबान्या टेपवर वाचून ठेवतो, कारण काही जबान्या संगणकावर धड उमटतच नाहीत. सुरुवातीला ही सोय वाटते. मग टेपरेकॉर्डर कुणी हात न लावता सुरू होऊ लागतात, आणि ‘हे रेकॉर्ड कोण करतंय?’ हा प्रश्न श्रोत्याच्या डोक्यातून उतरून थेट पात्रांच्या मानगुटीवर बसतो. आपल्या श्रवणभक्ताला या वळणावर जो आनंद झाला तो त्याच्या घरच्यांनी त्याच्या पहिल्या पगाराच्या दिवशीही पाहिला नव्हता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ही युक्ती आहे, आणि युक्ती झिजते. भूत मागे लागलेला माणूस पळताना मोबाइलचं रेकॉर्डिंग सांभाळत बसेल का? मरणाऱ्याच्या हाती दर वेळी माईक कसा? आक्षेप खरा आहे. टेप सापडल्या, जुनी फाइल सापडली, असं म्हणत सुरू होणाऱ्या मालिका आता इतक्या झाल्यात की न सापडलेली टेप हीच बातमी ठरावी. पण झिजलेलं उत्तर प्रश्नाला खोटं पाडत नाही. २०१६ च्या ‘होमकमिंग’मध्ये निवेदक नाही, समुपदेशनाच्या ध्वनिमुद्रित बैठका, फोनवरची बोलणी आणि खोलीतले आवाज यांतून आपणच कट जुळवायचा. कॅथरीन कीनर आणि ऑस्कर आयझॅक यांचे आवाज कानाशी इतके जवळ येतात की परवानगीशिवाय ऐकल्याचा संकोच वाटतो. २०१८ मध्ये तिची ज्युलिया रॉबर्ट्सला घेऊन दूरचित्रमालिका झाली. ती चांगली होती, पण तिथे आपण प्रेक्षक होतो. मूळ मालिकेत आपण चोरून ऐकणारे होतो. गोष्ट तीच राहून ऐकणाऱ्याची जागा बदलली की गोष्ट बदलते, एवढंच तर श्रवणभक्त ओरडून सांगत असतो. ओरडतो, कारण कानात हेडफोन असतो.

दुसरा आक्षेप घरातून येतो, साधारणपणे काकांकडून. ‘यात नवीन काय? आमच्या वेळी श्रुतिका होत्या. “पुन्हा प्रपंच”मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी यांना कुणी विचारलं नाही, रेकॉर्ड कोण करतंय म्हणून.’ काकांचं बरोबर आहे. पण विचारलं नाही, कारण उत्तर आधीच दिलेलं असायचं. आकाशवाणीचं मुंबई केंद्र आहे, ठरलेली वेळ आहे, निवेदक नाव सांगतो, बाळ कुडतरकरांचा आवाज उभं घर ओळखतं. संस्था हीच गोष्टीची चौकट होती. तिने हमी घेतली की पात्रांना स्वतःचा पत्ता सांगावा लागत नसे. पॉडकास्टला असं कुणी दारापर्यंत पोचवायला येत नाही. तो रात्री अडीचला, एकट्या माणसाच्या कानात, कुठल्याशा अनोळखी खोलीतून उतरतो. स्वतःची ओळखपत्रं त्याला स्वतःच दाखवावी लागतात. शिवाय काका एक गोष्ट विसरतात. आपली परंपरा हा प्रश्न मुळीच टाळत नव्हती. धृतराष्ट्राला दिसत नाही, म्हणून युद्ध त्याला ऐकायचं आहे; संजयाला व्यासांनी दृष्टी दिली आहे, म्हणून तो सांगू शकतो. कोण सांगतंय, कुणाला, आणि त्याला हे कसं कळलं, तिन्ही खाती चोख. आणि संजय सुरुवातीपासून सांगतही नाही. तो रणातून येतो ते भीष्म पडल्याची बातमी घेऊनच, आणि मग मागे जाऊन सगळं उलगडतो. पहिल्याच मिनिटात श्रोत्याची मान पकडण्याची ही विद्या कुठल्या अ‍ॅपने शोधून काढलेली नाही.

मग हा माणूस बरोबर असूनही एवढा छळतो का? कारण अर्धा प्रश्न तो जगाला विचारतो आणि उरलेला अर्धा त्याला स्वतःला सुटत नाही: ऐकतंय कोण? मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर कथाकथनाला उभे राहत तेव्हा समोरचा हशा त्यांना पुढच्या वाक्याची वेळ सांगत असे. आजी गोष्ट सांगताना ‘हूं’ म्हणायला लावायची. हुंकार थांबला की मूल झोपलं, गोष्ट उद्यावर. फिक्शन पॉडकास्टला हुंकार नाही. बनवणाऱ्याला श्रोता दिसत नाही आणि श्रोत्याला शेजारचा श्रोता. त्याने एकट्याने भयाने श्वास रोखला, एकटाच हसला, शेवटच्या भागाला बसच्या खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले, आणि घरी येऊन सांगायला गेला तर सगळ्यांनी ‘पाठव लिंक, ऐकतो’ असं म्हणून त्याला वाटेला लावलं. ती लिंक कुणी उघडत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तरी तो पाठवतो. कॉर्नफ्लॉवर सांडणं, गुरुजींना अडवणं, आजोबांना सोलापुरात पकडणं, ही सगळी हुंकाराचीच मागणी आहे. फक्त मागण्याची रीत वाईट आहे. दुसरीकडे बाजाराने त्याच्या एकटेपणाचा चोख हिशेब मांडला आहे. काही अ‍ॅपवर पुढचा भाग उघडायला नाणी मोजावी लागतात, आणि तिथल्या गोष्टी शेकडो भाग संपत नाहीत, कारण त्या गोष्टीच्या गरजेने नव्हे, पाकिटाच्या खोलीने चालतात. तिथे कोण सांगतंय हे विचारून उपयोग नाही. तिथे गल्ला बोलतो.

अशा काळात प्रश्न विचारणारा श्रोता कितीही नकोसा असला तरी त्याला सांभाळून ठेवावं. महाभारताच्या आदिपर्वात वैशंपायन जनमेजयाला पांडवांची कथा आधी थोडक्यात सांगून मोकळे होतात. राजाचं समाधान होत नाही. असं का झालं, तेव्हा ते गप्प कसे बसले, एवढ्याने भागत नाही, सविस्तर सांगा, असा तो हट्ट धरतो. सर्पसत्रात बसलेल्या बाकी मंडळींना तो किती जड झाला असेल याची नोंद नाही; पण त्याने छळलं नसतं तर आपल्या हाती महाभारताचा सारांश उरला असता. तेव्हा पुढच्या वेळी त्याने लिंक पाठवली तर एक भाग ऐकावा. नेहमीच्या वेगाने ऐकावा, दीडपट नाही, आणि मधली शांतता कापण्याची सोय बंद ठेवून. नंतर त्याला फोन करून पात्रांविषयी काहीतरी वेडंवाकडं मत द्यावं. तो तासभर भांडेल, आणि त्या तासात तो कुणालाही काहीही विचारणार नाही.