नोंद न ठेवण्याचे पुण्य

आपल्या कचेऱ्यांत निष्ठेने जपल्या जाणाऱ्या एका परंपरेची दखल सुजाण नागरिकांनी घ्यायला हवी. क्लाउडच्या कन्सोलवर माऊसने बटणे दाबत सर्व्हर उभे करायचे, त्यांवर, अनेक सर्व्हर एकत्र राबवणाऱ्या कुबरनेटीसचा क्लस्टर चढवायचा आणि काय केले याची नोंद कुठेही ठेवायची नाही, अशी ती परंपरा. हीच कामे कोडमध्ये लिहून करणारे टेराफॉर्म हे साधन २०१४ साली आले. तरीही ती टिकून आहे, हे तिच्या चिवटपणाला शोभणारेच आहे.

टेराफॉर्मवाल्यांचे म्हणणे वरवर पाहता रास्त वाटते. किती सर्व्हर हवेत, नेटवर्क कोणते, कोणते पोर्ट कोणासाठी उघडे, हे सारे फाइलीत लिहा. काय बदलणार आणि काय नष्ट होणार ते ‘प्लॅन’ चालवून आधी वाचा. सहकाऱ्याला दाखवा आणि मगच ‘अप्लाय’ करा. या शिस्तीत अधिकाराची प्रतिष्ठा मात्र राहत नाही. काल रुजू झालेली मुलगीसुद्धा फाइल वाचून विचारू शकते, की सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याचे २२ क्रमांकाचे पोर्ट साऱ्या जगाला उघडे कशासाठी? कन्सोलवर केलेला बदल असा चारचौघांत चर्चेला येत नाही, आणि ज्येष्ठांचा मान अबाधित राहतो.

या परंपरेचे दुसरे देणे म्हणजे अपरिहार्य माणूस. क्लस्टरची सारी माहिती त्याच्या एकट्याच्या डोक्यात असल्याने संस्था त्याला कधीच विसरत नाही; रजेत, आजारपणात, घरच्या कार्यातही आठवणीने फोन करते. कुबॲडम या साधनाने उभारलेल्या कुबरनेटीस क्लस्टरची बहुतेक प्रमाणपत्रे एका वर्षात संपतात. वेळेवर नवी काढली नाहीत, तर क्लस्टर आदेश मानेनासा होतो. त्या तारखेची आठवण एकाच माणसाला असावी आणि त्याने नेमकी तेव्हा नोकरी सोडलेली असावी, याहून त्याच्या थोरवीचा मोठा पुरावा कोणता?

टेराफॉर्म स्वीकारणे भागच पडले, तरी परंपरेच्या अभिमान्यांनी खचून जाऊ नये. स्टेट फाइल आपल्याच लॅपटॉपवर ठेवावी, म्हणजे काय काय उभे आहे याचा हिशेब इतरांच्या हाती लागत नाही. ती सामायिक ठेवलीच, तर लॉक लावू नये. म्हणजे दोघांनी एकाच वेळी ‘अप्लाय’ करण्याचे स्वातंत्र्य अबाधित राहते. या फाइलीत पासवर्डही उघड्या अक्षरांत असू शकतात. तिला कोड ठेवण्याच्या गिटमध्ये ढकलले की पारदर्शक कारभाराचे श्रेयही मिळते. आणि रात्री घाईने केलेली दुरुस्ती कन्सोलवरच करून कोडमध्ये लिहू नये. पुढच्या ‘अप्लाय’ला ती पुसली जाऊ शकते आणि त्याच बिघाडाशी पुन्हा झुंजण्याची संधी मिळते.

परदेशातही या विचाराचे मानकरी आहेत. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने २०१२ साली नवा कोड हाताने आठ सर्व्हरवर चढवायला घेतला. आठव्यावर तो राहिला. दुसऱ्याने तपासून पाहावे असा लेखी नियमच नव्हता. १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४० कोटी डॉलरहून अधिक गमावले. टेस्लाच्या कुबरनेटीस कन्सोलला पासवर्डच नसल्याचे २०१८ साली उघड झाले. परक्यांनी आत येऊन कंपनीच्या खर्चाने क्रिप्टोचलन काढले. इतके औदार्य लेखी आणि तपासलेल्या कारभारात सहसा दिसत नाही.

या परंपरेचा खर्च मात्र ती चालवणाऱ्यांवर क्वचितच पडतो. तो पडतो निकालाचे पान उघडेना म्हणून रात्रभर जागणाऱ्या विद्यार्थ्यावर, पैसे कापले गेले पण पावती आली नाही अशा दुकानदारावर, आणि दुसऱ्याने न लिहिलेले पहाटे तीन वाजता उलगडत बसलेल्या नवख्या अभियंत्यावर. नागरिक म्हणून आपण हा भार आनंदाने उचलत आलो आहोत, तेव्हा बदल्यात एक लहानशी मागणी करायला हरकत नसावी. ज्या क्लस्टरवर लोकांची कामे चालतात, तो वर्षातून एकदा, कोऱ्या खात्यात, केवळ लिहिलेल्या फाइलींवरून, मूळ कर्त्याला फोन न करता पुन्हा उभा करून दाखवावा. फाइली असतील तर ते सहज जमेल. नसतील, तर आपली कामे आजवर कशाच्या भरवशावर चालली होती, हे तरी आपल्याला कळेल.