सुबाभळीचा जन्मदाखला

"काका, वयाचा रकाना रिकामा ठेवलाय तुम्ही," उद्यान विभागातला लिपिक अर्ज परत सरकवत म्हणाला. वय अर्थातच माझं नव्हे, सुबाभळीचं.

महाराष्ट्रातल्या शहरी झाडांच्या रक्षणाचा कायदा 1975 चा. 2021 च्या दुरुस्तीने त्यात एक गणित घुसवलं: तोडायच्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. तीही सहा ते आठ फुटी, आणि पुढची सात वर्षं सांभाळायची. वडासाठी, चिंचेसाठी हे मला एकदम मान्य. पण सुबाभूळ? एकेकाळी चारा आणि सरपण म्हणून सरकारनेच हौसेने गावोगाव पसरवलेली ही बया कुंपणाच्या फटीत न सांगता उगवते, फरशा उचलते, आणि तिच्या शेंगा तडकल्या की बादली ठेवायच्या जागेतसुद्धा तिची पिलावळ.

तर वय. ते खोडातल्या वलयांवरून कळतं म्हणतात. वलयं दिसतात झाड कापल्यावर. कापायला परवानगी लागते. परवानगीला वय लागतं. यावर तोडगा म्हणून एक निरीक्षक टेप घेऊन आले, खोडाला छातीच्या उंचीवर वेढा घातला, क्षणभर आभाळाकडे पाहिलं आणि लिहिलं: 23. आता सुबाभूळ दोन-तीन पावसाळ्यांत छपराच्या वर जाते, घेरावरून तिचं वय काढणं म्हणजे पोटाच्या घेरावरून नोकरीतली ज्येष्ठता ठरवण्यासारखं. मी भोगवटा प्रमाणपत्र पुढे केलं. घर 14 वर्षांचं, बांधलं तेव्हा प्लॉटवर गवताची काडी नव्हती, फोटो आहेत. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि 23 तसेच ठेवले. म्हणजे सरकारदरबारी नोंद अशी, की सुबाभूळ इथली मूळ रहिवासी आणि आम्ही तिच्या अंगणात अतिक्रमण करून राहतो. शिवाय ज्या अंगणात स्कूटर हँडल वाकडं केल्याशिवाय मावत नाही, तिथे आठ फुटी 23 झाडं लावायची. बरं, फाईल पडून राहिली तरी झाड काही वाढायचं थांबत नाही; दर वर्षी एक झाड अंगावर चढतं. अशीच पडून राहिली तर पन्नाशी गाठून आमची सुबाभूळ रीतसर वारसा वृक्ष होईल आणि मग तिला हात लावायची कुणाची टाप आहे!

आणि समोरच्या रस्त्यावरची चिंच? तिच्या बुंध्याला चिकटवून काँक्रीट ओतलं, श्वास घ्यायला वीतभर माती ठेवली नाही. एका बाजूची मुळं गटारासाठी तोडली, दुसऱ्या बाजूची केबलसाठी. वळवाच्या पहिल्या पावसात ती आडवी झाली, तेव्हा यंत्राची करवत तासाभरात हजर! तिचं वय कुणी विचारलं? पुढे रुंदीकरणात उरलेल्या झाडांचं 'पुनर्रोपण' झालं, म्हणजे फांद्या छाटलेले ओंडके गावाबाहेरच्या खड्ड्यांत उभे करून फोटो काढले. जाऊन बघा, खांब झालेत त्यांचे. ज्यांनी सावली खाल्ली त्यांना सगळं माफ, आणि भिंत वाचवू पाहणाऱ्याने जन्मदाखला आणायचा!

असो. परवानगी आली, 23 झाडांच्या हमीपत्रासकट. झाड पडलं. तोडणाऱ्याने लाकूड टेम्पोत भरलं आणि बुंधा तिथेच ठेवला. "बुंध्याचे वेगळे, साहेब. तो खणायला जेसीबी लागतो, आणि जेसीबी तुमच्या फाटकातून येत नाही." मग शेजारपाजारचं ज्ञान उफाळून आलं. भोक पाडून हिंग भरा. खडेमीठ भरा. अ‍ॅसिड ओता. हिंग भरला, तोही चांगल्यातला, आमटीत घालायला हात आखडतो तो. सुबाभळीला फोडणी मानवली असावी, कारण महिन्याभरात बुंध्याच्या कडेने बोटबोटभर फुटवे.

ते खुडायला परवानगी लागते का, हे विचारायला पुन्हा त्याच टेबलापाशी गेलो. लिपिकाने चष्मा वर केला. "अर्जात वय कुणाचं लिहिणार काका, फुटव्याचं की बुंध्याचं?"