तुफान झोपलंय

साखर काठावर आहे, रोज चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. एकट्यानं चालायचा मला कंटाळा, आणि बायकोबरोबर निघालं की ती पुढे आणि मी धापा टाकत मागे, हे सगळ्या सोसायटीला दिसतं. म्हणून कुत्रं पाळायचं ठरवलं. ते पहाटे दारात पट्टा तोंडात धरून उभं राहणार, मला ओढत टेकडीवर नेणार आणि मी नाइलाजानं सडपातळ होणार, असा बेत होता.

बरं, कुत्रंही साधंसुधं नको होतं. आतेभावानं लातूरकडून कारवानी आणून दिलं. कारवानी म्हणजे मुधोळच्या कुत्र्यांच्या भावकीतलं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी पंचम जॉर्ज बादशहाला नजर केली ती ही मुधोळ जात. 2005 साली तिचं टपाल तिकीटही निघालं. निमुळतं तोंड, खोल छाती, पोट पाठीला टेकलेलं. येणारा-जाणारा आधी त्याच्या पोटाकडे बघे, मग माझ्या. मी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं, तुफान.

तुफान घरात आलं, सोफ्यावर चढलं आणि झोपलं.

जेवायला उठे, अंगणात एक चक्कर मारी, परत सोफा. पहाटे मी बूट घालून, पट्टा खुळखुळवत उभा राहिलो की ते एक डोळा उघडून बघे आणि कूस बदले. आजारी तर नाही ना, म्हणून घाबरून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी त्याला तपासलं, मग मला न्याहाळलं. म्हणाले, "अहो, मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतंच. त्यात ही नजरेनं शिकार करणारी जात. ससा दिसला की सुसाट सुटायचं, एरवी पडून राहायचं." आता सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंद, म्हणजे आमचं तुफान जन्मतःच सेवानिवृत्त! शिवाय खोल छातीच्या कुत्र्याला जेवणानंतर लगेच पळवू नका, पोटाला पीळ पडू शकतो, असंही त्यांनी बजावलं. हा नियम मी ताबडतोब स्वतःलाही लावून घेतला. माझी छाती खोल नाही, ही हरकत बायकोनं घेतली, ती फेटाळली.

तरी एका रविवारी मी हट्टानं त्याला हनुमान टेकडीवर नेलंच. पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन बांधला होता, कारण असं करू नये हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. वर वारा सुटला आणि समोरून एक पांढरी प्लास्टिकची पिशवी उडत गेली.

तुफाननं सातशे पिढ्यांची विद्या बाहेर काढली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. उजवी चप्पल मागे राहिली (बूट घालायचे सोडून चप्पल का घातली, ते विचारू नका), एक आजोबा "अरे अरे" करत बाजूला झाले, हास्यक्लबवाले हसायचे थांबले आणि मग खरे हसले. पिशवी करवंदीच्या जाळीत अडकली. तुफाननं ती हुंगली, आपला हिशेब चुकल्याचं त्याला कळलं असावं. तिथेच सावलीत त्यानं चारी पाय ताणून दिले. खेळ संपला होता.

ते काही केल्या उठेना. बिस्किट दाखवलं, ते खाऊन पुन्हा आडवं. ऊन चढायला लागलं. कुत्र्याला घाम येतो तो काय तो तळपायाला, बाकी सगळा कारभार जीभ बाहेर काढून. तेव्हा तापल्या वाटेवरून त्याला ओढत नेणंही बरं नव्हतं. शेवटी ते पंचवीस किलोचं धूड खांद्यावर घेऊन मी टेकडी उतरलो. वाटेत एका काकूंनी हात जोडून विचारलं, "गेलं का हो?" खांद्यावरून तुफाननं जांभई दिली.

सध्या आमची तडजोड अशी आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास सावकाश फिरणं, मधे कधी बंदिस्त मैदानात मोकळं सोडून मिनिटभर वादळ, बाकी वेळ झोप. त्यातली झोप मला झकास जमते. वादळाच्या वेळी मी फाटकाबाहेर उभा असतो.

तुम्हाला कारवानी पाळायचं असेल तर खुशाल पाळा, शहाणं जनावर आहे. फक्त अंगावर चरबी नसल्यामुळे नुसत्या फरशीवर त्याच्या कोपरांना घट्टे पडतात, म्हणून जाड गादी आधीच आणून ठेवा. आणि दोन आणा. पहिली घरी येईपर्यंत तुमची गेलेली असेल.