तिकीट काढून जेवत बसणाऱ्यांची बाजू

पहाटे पाचला बारामती सोडायची, पाटसला सोलापूर हायवेला लागायचं, पुणं ओलांडून घाट उतरायचा, दहाच्या सुमाराला खोपोलीजवळ इमॅजिकाच्या दारात उभं राहायचं, अकरा माणसांची तिकिटं काढायची आणि आत शिरल्यावर दीड तास टेबलाशी बसून जेवायचं. आमच्या घरचा हा रिवाज आहे. भावकीत त्याला येडेपणा म्हणतात. शब्द मला मान्य आहे. हा येडेपणा चांगला आहे, तो जपला पाहिजे आणि इतरांनीही करून पाहिला पाहिजे, एवढं सांगण्यासाठी हे लिहितोय.

विरोधी बाजू आधी मांडतो, कारण ती कच्ची नाही. आमचे लासुर्ण्याचे काका ऊसवाले. पाण्याची पाळी, खताची गोणी, तोडणीची उचल, सगळं वहीत. त्यांनी तिकिटाच्या रकमेला पार्क उघडं असण्याच्या तासांनी भागलं, दीडनं आणि मग अकरानं गुणलं आणि जेवणापायी किती रुपये बुडाले ते आकड्यात दाखवलं. "आरं, तिकीट पाळण्याचं काढलंय का ताटाचं? जेवायचंच हुतं तर भिगवणला जायचं. घरापास्नं जवळ आन मासं बी ताजं." त्यांचा तोडगा तयार होता. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून गाडीतच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन घ्यायची, दुपारी उभ्या उभ्या वडापाव, आणि वाचलेल्या वेळात आणखी तीन पाळणे. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात, पहिल्याच समासात, मूर्खांची लक्षणं सांगितली आहेत. काकांच्या मते पार्कात जाऊन जेवत बसणारा त्या यादीत राहून गेला.

मी त्यांचं गणित तपासलं. भागाकार बरोबर आहे, चूक शेवटच्या गुणाकारात आहे. अकराच्या अकरा माणसं पाळण्यात बसतात असं त्यांनी धरलं.

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. तिथला नायट्रो हा पाळणा जवळजवळ चाळीस मीटर उंच आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. पायाखाली फळी नाही, पाय हवेत लोंबत असतात. आमच्या अकराजणांत त्यात बसू शकतात चार. धाकटा पुतण्या उंचीच्या पट्टीत बसत नाही. आईला रक्तदाब आणि दोन्ही गुडघ्यांचा त्रास. वहिनींना मणक्याचं दुखणं. बहिणीला एसटीत मागच्या सीटवरही मळमळतं. थोरल्या भावाला उंचीची भीती वाटते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. हे सगळे खाली उभे. हातात दुसऱ्यांच्या चपला, चष्मे, मोबाइल, पर्सा. वर बसलेले ओरडतात तेव्हा खालचे मान वर करून आपला कुठला ते शोधतात, तोवर गाडी फिरून परतही येते. मग पुढचा पाळणा, पुढची रांग, पुन्हा तीच वाटणी. सावकाश चालणारे पाळणेही असतात, पण तिथेही दोघं-दोघं बसायचं आणि पुढच्याच्या डोक्याकडे बघायचं. दिवसभरात अकरा माणसं एकमेकांची तोंडं बघतील अशी जागा पार्कात एकच असते. तिथे उंचीची पट्टी नसते आणि हृदयविकाराची पाटीही नसते.

म्हणून हॉटेल निवडणं हे आमच्याकडे पाळणे निवडण्यापेक्षा मोठं काम आहे. चैत्रात वाद सुरू होतो आणि सुट्टी लागेपर्यंत चालतो.

पहिल्या वर्षी चुकलो. एका पार्कात मुलांनी बाहेरच्या फोटोंवरून हॉटेल ठरवलं. आत उंच, बिनपाठीची स्टुलं. आईला वर चढता येईना. तिनं बाजूच्या कट्ट्यावर ताट मांडीवर घेऊन जेवण उरकलं, आम्ही तिच्याभोवती उभे. "ऱ्हाऊ द्या रे, लग्नात बी आता असंच खात्यात," असं ती म्हणाली, पण जेवली अर्धंच. त्या दिवसापासून आमची निवड चवीवर होत नाही.

आता आधी बघायची ती खुर्ची. तिला पाठ हवी आणि बसताना धरायला हात हवेत. मग बेसिन कुठे आहे आणि तिथपर्यंत पायऱ्या किती. गाण्याचा आवाज एवढाच हवा, की आईला डाव्या कानानंही ऐकू यावं. एसीचा झोत मानेवर नको. टेबलं जोडून देतात का हे फार महत्त्वाचं, कारण सहा आणि पाच अशी फाळणी झाली की जेवण दोन घरांचं होतं. पाणी न मागता येतं का. आणि खिडकी. खिडकीतून काहीतरी हलणारं दिसलं पाहिजे, होडी, आगगाडी, निदान माणसांची ये-जा. जेवताना बघायला काही असलं की माणूस घाई करत नाही.

बुफेवर अजून एकमत नाही. काकी बुफेच्या बाजूच्या, पैसे वसूल होतात म्हणून. मी ठाम विरोधात आहे. बुफेत अर्धी पंगत कायम उठलेली असते. कुणी गुलाबजाम आणायला गेलेलं, कुणी पापड. बोलणं सुरू होतं आणि ऐकणारा ताट घेऊन निघून जातो. पंगतीचा नियम साधा आहे, बसायचं सगळ्यांनी एकदम आणि उठायचंही एकदम. मुलांचं मत रेड बॉनेटला असतं, जुन्या अमेरिकी डायनरसारखं सजवलेलं म्हणून, आणि बर्गरसाठी. आईला वरणभात हवा. या दोन टोकांच्या मधे अख्खा वैशाख जातो, आणि मला तो वाया गेलेला वाटत नाही. बाकी वर्षभर आईला काय हवं, हे घरात कोण विचारतं?

जेवणापायी पार्क वाया घालवता, असं म्हणणाऱ्यांना एक पार्क दाखवतो. कॅलिफोर्नियात ब्यूना पार्क या गावी वॉल्टर आणि कॉर्डेलिया नॉट हे जोडपं बेरीची शेती करायचं. रस्त्याकडेला टपरी टाकून फळं आणि मुरंबे विकायचे. आपल्याकडे हायवेला द्राक्षं-पेरू घेऊन बसतात, तसंच. १९३४ च्या जूनमध्ये, मंदीच्या दिवसांत, कॉर्डेलियाबाईंनी आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत आठ जणांना तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढलं. ताटाला पासष्ट सेंट. त्या ताटाची कीर्ती अशी पसरली, की लोक नंबर लावून तासन्‌तास थांबू लागले. थांबलेल्यांनी वेळ घालवायचा कसा, म्हणून वॉल्टर नॉटनी १९४० मध्ये शेजारीच खाणकामगारांचं जुनं ओसाड गाव उभारायला घेतलं. त्या गावातूनच पुढे नॉट्स बेरी फार्म हे भलंमोठं पार्क वाढलं. डिस्नीलँडचं दार उघडलं १९५५ मध्ये, त्यानंतर पंधरा वर्षांनी. म्हणजे या पार्काच्या मुळाशी एका शेतकरणीची पंगत आहे, आणि पाळणे आले ते पंगतीला थांबलेल्यांची करमणूक व्हावी म्हणून. आमच्या काकांना हे सांगितलं तर ते फक्त एवढं म्हणाले, "कोंबडी गावरान असंल."

डिस्नीवाल्यांनीही हे ओळखलं. १९६७ मध्ये त्यांनी चाच्यांच्या सफरीचा पाळणा सुरू केला तेव्हा त्याच इमारतीत ब्लू बायू नावाचं हॉटेल बांधलं. आत कायम रात्र असते, कंदील लुकलुकत असतात, आणि जेवणाऱ्यांच्या समोरून सफरीच्या होड्या जातात. होडीत न बसणाऱ्यालाही होडी दिसावी, इतका विचार कुणीतरी केला.

आणि काकांनी ज्या भिगवणचं नाव घेतलं, ते तरी काय आहे? उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पुण्याची माणसं अंधारात निघून कुंभारगावाला, डिकसळला येतात, होडीतून पक्षी बघतात आणि उन्हं चढली की चिलापीच्या रश्श्यावर बसतात. उन्हाळा सरता सरता पक्षी जातात, मच्छीची हॉटेलं बारा महिने भरलेली असतात. बारामती तालुक्यात पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये कृषी पर्यटन केंद्र सुरू केलं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं २०२० मध्ये, म्हणजे आमच्या तालुक्याला त्याच्या कितीतरी आधी हे सुचलं होतं. शिवारफेरी, बैलगाडी, सगळं असतं, पण शहरातल्या माणसाला घरी परतल्यावर आधी आठवते ती तव्यावरची भाकरी आणि पिठलं. माझ्या एका पुणेरी मित्राला बैलांचे रंग सांगता येत नाहीत, ठेचा कुठल्या मिरचीचा होता ते सांगता येतं. इंदापूर-बारामतीच्या माणसानं पार्कातल्या ताटाला नावं ठेवू नयेत. पाहुणा ताटावर बसला की थांबतो, हे आम्हीच इतरांना शिकवलंय.

हा येडेपणा मी शिकलो दादांकडून, म्हणजे वडिलांकडून. नीरा-नरसिंहपूरला नरसिंहजयंतीच्या यात्रेला ते आम्हाला न्यायचे. नीरा आणि भीमेच्या संगमावरचं ते देऊळ, घाट आणि समोर धुरळ्यात उभा पाळणा. आम्ही पाळण्याकडे ओढायचो. दादा आधी सगळ्यांना कापडी मांडवाच्या हॉटेलात न्यायचे, लाकडी बाकड्यावर बसवायचे आणि भजी मागवायचे. पैसे मोजकेच असायचे. भज्यांचे दोन घाणे झाले की पाळण्याची एक फेरी कमी व्हायची, आणि त्यावरून मी रडलोही आहे. आईला पाळण्यात चक्कर यायची, ती कधीच चढली नाही. दादा तिला पाळणा दिसेल अशा बाजूला बसवायचे आणि स्वतः पाठ करून बसायचे. ते कशासाठी, हे मला चाळिशीत कळलं.

गेल्या वर्षी आमचं टेबल खिडकीपाशी होतं. खाली पाण्यातून लाकडी ओंडक्यांच्या आकाराच्या होड्या येत होत्या. आई बराच वेळ बघत बसली आणि मग एकाएकी बोलायला लागली. तिचं माहेर जुन्या पळसदेवचं. उजनीचं पाणी चढायला लागलं तेव्हा तिच्या भावांनी वाड्याची दारं, चौकटी, तुळया काढून बैलगाडीत भरल्या. चुलीचे दगड न्यायचे की नाही यावरून आजीनं भांडण केलं आणि शेवटी ते दगड पदरात बांधून नेले. दगडी देऊळ तेवढं मागे राहिलं. उन्हाळ्यात धरण आटलं की ते अजून वर येतं, लोक होडीनं बघायला जातात. आई एकदाही गेली नाही. "मला बगवायचं न्हाई," ती म्हणाली. पुतण्यानं विचारलं, आज्जी, तुझी खोली कुठे होती? तिनं टेबलावर चमचे आणि वाट्या मांडून गाव दाखवलं. मिठाची डबी म्हणजे वेस. पाण्याचा जग म्हणजे नदी. बारामतीच्या घरात चाळीस वर्षांत ती हे एवढं सलग बोलली नव्हती, कारण तिथे ती कायम उठलेली असते, वाढत असते. पार्कात तिला वाढायचं नव्हतं.

यंदा काकांनाही नेलं, वही घरी ठेवायला लावून. ते नायट्रोखाली दहा मिनिटं उभे राहिले, पुतण्याच्या चपला हातात घेऊन. मग स्वतःच म्हणाले, "जेवायचं कुठं ते बगा आता." टेबलाशी आईनं चमच्यांचं गाव पुन्हा मांडलं. काका ताक घेता घेता थांबले. "वैनी, ह्ये तुमी कदी बोलला न्हाई." त्यांच्या लग्नाआधीपासून आई त्या घरात आहे.

तेव्हा सुट्टीत मुलांना घेऊन कुठल्याही पार्कात जाल, तर दारात नकाशा मिळतो त्यावर आधी बसून जेवायचं हॉटेल शोधा. तुमच्यातलं कोण पाळण्यात बसणार नाही ते घरूनच ठरवून निघा आणि खुर्ची त्याला विचारून निवडा. टेबलं जोडून मागा, बहुतेक ठिकाणी देतात. साडेअकराला जाऊन बसा. साडेबारानंतर खिडकीजवळची जागा मिळत नाही.