टरबूज, भटजी आणि बाण

‘कल्पना करा आणि लिहा,’ असं बाईंनी फर्मावलं की वर्गातली कल्पना मागच्या दाराने पसार होते. ‘सूर्य उगवला नाही तर’ आणि ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ लिहून मोठे झालेल्या आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. थायलंडमधल्या पोरांचीही यातून सुटका नाही. तिथल्या 2008 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात थाई भाषेच्या तासाला कल्पनेतून गोष्ट लिहिणं आहे, तेही दुसरीपासून. चौथीत गेलं की गोष्टीचा आराखडा आधी काढायचा: पात्रं कोण, जागा कुठली, काय घडलं, शेवटी काय झालं. दुसरीतल्या पोराचा हत्ती उडत असतो. चौथीत त्याला चौकटीत बसवतात. बसतो बिचारा, फक्त उडायचं सोडून देतो.

खरं म्हणजे थाई मुलांना कल्पना शिकवायची गरज काय, असं त्यांची मुळाक्षरं पाहिली की वाटतं. व्यंजनं 44, आणि प्रत्येकाला स्वतःचा एक धनी. पहिलं अक्षर कोंबडीचं, दुसरं अंड्याचं (आधी कोण हा वाद त्यांनी पहिलीच्या वर्गातच मिटवून टाकला आहे), शेवटचं घुबडाचं. मधे म्हैस, साप, हत्ती, म्हातारबुवा, यक्ष, ऋषी, वाघ. एक अक्षर तर चक्क मंदोदरीचं! त्यांचं रामायण म्हणजे रामकियेन; तिथून ती थेट बालवर्गात आली. आपल्याकडे रामायण घरोघर, पण अंकलिपीत मंदोदरी मी तरी पाहिलेली नाही. बाटलीचं आणि माणसाचं अशी दोन अक्षरं आता लिहिण्यात येत नाहीत. पण पाठांतरात ती अजून हजेरी लावतात, निवृत्तीनंतरही दुपारी ऑफिसात चहाला येणाऱ्या साहेबांसारखी.

एवढी नाटक मंडळी फळ्यावर हात जोडून उभी असताना ‘माझी शाळा’ हा विषय देणं म्हणजे शुद्ध अरसिकपणा. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकाव्यात. समजा एका पोरीला कोंबडी, मंदोदरी आणि ती निवृत्त बाटली आली. ती लिहील: मंदोदरीने लंकेत कोंबडी पाळली. कोंबडी रोज एक अंडं द्यायची. रावणाची तोंडं दहा. एका तोंडाला दिलं की नऊ रुसायची. म्हणून मंदोदरीने दहा दिवसांची अंडी एका बाटलीत साठवली.

इथे बाईंनी एकच विचारावं: ‘बाटलीचं तोंड एवढंसं, मग अंडं आत गेलं कसं गं?’ बस्स. पोरगी आणखी दोन पानं मागून घेईल.

पण बाईंचा हात लाल पेनाकडे जातो, आणि त्यांनाही सगळा दोष देता येत नाही. थाई लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि डोक्यावरच्या सुरांच्या खुणा वेगळ्याच. ‘घोडा’ लिहिताना वरची खूण विसरली की तो ‘ये’ होतो. सूर बदलला, एक अक्षर आधी जोडलं, की कुत्रा. राजपुत्र कुत्र्यावर बसून लढाईला निघाला, हे वाचून बाई शुद्धलेखनाची चूक काढतात. मला तर गोष्ट सुधारली असं वाटतं. निदान पहिल्या वाचनाला पेन टेबलाच्या खणात राहू द्यावं.

दुसरी खोड शेवटाची. थाई बोधकथा ‘ही गोष्ट आपल्याला शिकवते की...’ या वाक्यावर येऊन थांबतात. आपल्या ‘तात्पर्या’ची सख्खी बहीण. पोरांना ती इतकी पाठ, की अंड्याच्या गोष्टीखालीही ‘म्हणून आपण काटकसर करावी’ असं लिहून मोकळी होतात.

आणि हे कुठे, तर सुंथोन फू या कवीच्या देशात. हा गृहस्थ 1786 सालचा. त्याच्या ‘फ्रा अफाय मनी’ या काव्याचा नायक राजपुत्र असून तलवारीऐवजी बासरी शिकून येतो. मग समुद्रातली राक्षसीण त्याला पळवते, जलपरी सोडवते, दोघींपासून त्याला मुलं होतात, आणि एक मुलगा ड्रॅगनासारख्या घोड्यावर बसून फिरतो. आराखड्याच्या कुठल्या चौकटीत हे बसवणार? दरवर्षी 26 जूनला या कवीचा जन्मदिवस शाळांतून साजरा होतो. पोरं जलपरी, राक्षसीण बनून येतात, शिक्षक कौतुकाने फोटो काढतात. त्यातल्याच एखाद्या पोरीने वहीत जलपरी आणली की मात्र ‘विषयाला धरून लिही’.

तुमच्या घरी तिसरी-चौथीतलं पोर असेल तर आज जेवणं झाल्यावर त्याला आपल्याच अंकलिपीतले तिघे द्या: टरबूज, भटजी आणि बाण. लिहिलेलं शेवटपर्यंत वाचा, हसू आलं तर मोकळेपणी हसा. ऱ्हस्व-दीर्घ उद्या बघू. तात्पर्य अजिबात विचारू नका.