पासिंगपुरती पेटी

प्रति,
मालक-चालक,
सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, एमएच-28 (पुढचा नंबर मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही ओळखालच),
जिल्हा बुलढाणा.

विषय: आपल्या गाडीतील प्रथमोपचार पेटीत सापडलेल्या ऐवजाबद्दल आभार.

भाऊ,



आधी ऐवजाची पोच देतो. चालकाच्या सीटमागे स्क्रूंनी पक्क्या बसवलेल्या, वर लाल अधिकचे चिन्ह रंगवलेल्या पांढऱ्या पत्र्याच्या पेटीतून लोणार मुक्कामी पुढील वस्तू निघाल्या: चुन्याची डबी, तंबाखूची अर्धी पुडी, फ्यूज, टोलच्या पावत्यांचा गठ्ठा, उदबत्तीचा पुडा, लिंबू-मिरची ओवायची तार आणि कापसाचा एक बोळा, ज्याने पूर्वी ग्रीस पुसलेले असावे. पेटीला कुलूप होते. किल्ली घरी होती. ते कुलूप तुम्ही पान्याचे चार दणके घालून तोडलेत, त्या तत्परतेबद्दलही आभारी आहे.

पत्र खुले असल्यामुळे, त्या दिवशी गाडीत नसलेल्यांसाठी थोडे सांगावे लागेल. शेगाव, लोणार, सिंदखेडराजा अशी आपली नेहमीची फेरी होती. लोणारचे विवर पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद. काठावरून तळ्याशेजारच्या कमळजा देवीपर्यंत जायचे म्हणजे दगडधोंड्यांची उतरण. परत चढताना काकांचा पाय सैल दगडावरून सटकला आणि नडगी चार बोटे उघडी पडली. दोघांनी बगलेत धरून त्यांना वर आणले तोवर चप्पल रक्ताने भिजली होती. "पेटी काढा, पेटी!" असा एकच गलका झाला. पेटी तर समोरच होती. दोन दिवस आम्ही सगळे तिच्याकडे बघत, निर्धास्तपणे चिवडा खात बसलो होतो.

पेटी उघडली आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिच्यात काही नसते भाऊ. ते पासिंगपुरती असते."

मालक, हे वाक्य मी विसरू शकत नाही. पेटी रिकामी होती याचा मला फारसा राग नाही. गरीब गाडी, गरीब पेटी, समजू शकतो. राग आहे तो वरच्या लाल अधिकचा. पेटी नसतीच, तर आम्ही पहिल्या क्षणी काकूंच्या पिशवीतला धुतलेला पंचा काढून जखमेवर दाबला असता. तुमच्या पेटीवर विश्वास ठेवला म्हणून आम्ही कुलूप तुटायची वाट पाहत उभे राहिलो आणि काकांचे रक्त तेवढा वेळ वाहत राहिले. रिकामी पेटी निरुपयोगी असते असे लोक म्हणतात. चूक. ती वेळ खाते, आणि रक्त वाहत असताना तीच एक गोष्ट कुणाजवळ जास्तीची नसते.

नंतर तुम्ही काच पुसायचे फडके पुढे केलेत, हळद आणायला समोरच्या हॉटेलात धावलात आणि कुणीतरी त्याच चुन्याच्या डबीकडे आशेने पाहू लागले. हळद-चुन्याचा तो लेप मी लावू दिला नाही म्हणून काकू माझ्यावर अजून नाराज आहेत. शेवटी पंचाच कामी आला. दवाखान्यात टाके पडले. टाके घालताना डॉक्टरांनी विचारले, "गाडीत काहीच नव्हतं का?" आता मी काय सांगणार? उदबत्ती होती.

गाडीत बाकी पुष्कळ काही होते, हे मान्य करायला हवे. छताला रंग बदलणारे दिवे होते. सीटखाली एवढा मोठा वूफर होता की मेहकर येईपर्यंत लहान मुलांचे पोट हलत होते. पडद्यांना झालर होती. सीटबेल्ट सीटच्या फटीत इतके खोल गेले होते की ते काढायला उत्खनन खाते लागले असते. असो, ते फिर्यादीचे वेगळे पान आहे.

पासिंगचा तुमचा हिशेब मला परतीच्या वाटेवर कळला, कारण तुम्ही तो अभिमानाने सांगितलात. पासिंगच्या दिवशी आग विझवायचा सिलिंडर दोस्ताच्या गाडीतून आणायचा, पेटीत नवी पट्टी आणि कापसाचा पुडा ठेवायचा, शिक्का पडला की सिलिंडर परत आणि पुडा घरी. म्हणजे वर्षातून एकच दिवस तुमची गाडी अपघाताला पूर्ण तयार असते आणि नेमकी त्या दिवशी ती आरटीओच्या आवारात उभी असते.

कायद्याचे म्हणाल तर तो काही कमी पडलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 138 वा नियम नव्या गाडीबरोबर प्रथमोपचार पेटी द्यायला सांगतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात प्रथमोपचाराचा भाग आहे. कंडक्टरच्या बिल्ल्यासाठी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते. जर्मनीत तर लायसन्स हवे असेल तर आधी प्रथमोपचाराच्या वर्गात बसावे लागते, आणि गाडीतल्या पेटीत काय काय हवे याचे ठरलेले मानक आहे, डीआयएन 13164. आपल्याकडे लायसन्सची परीक्षा म्हणजे आठचा आकडा काढणे. आकडा सुबक आला की माणूस सतरा जीव घेऊन समृद्धी महामार्गावर जायला मोकळा.

समृद्धीचे नाव निघालेच आहे, तर आता उपरोध बाजूला ठेवतो. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला उलटली आणि पेटली. दाराची बाजू जमिनीकडे गेली होती. 25 माणसे आत जळून गेली. मोजके वाचले, ते काच फोडून बाहेर पडले म्हणून. त्याच महिन्याच्या 29 तारखेला मलकापुरात दोन बस धडकून 6 जण गेले. पिंपळखुट्याच्या आगीपुढे पट्टी, मलम, कापूस यांचा काही उपयोग नव्हता, हे मला कळते. पण काच फोडायची हातोडी कशासाठी असते, हे त्या रात्रीनंतर तरी बुलढाणा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागू नये. तुमच्या गाडीत त्या हातोडीची कडी आहे. हातोडी नाही. मी विचारले तर म्हणालात, "चोरीले जाते साहेब." वूफर चोरीला जात नाही. दिवे चोरीला जात नाहीत. हातोडीच तेवढी जाते! आणि आणीबाणीच्या खिडकीवर तुम्ही झालरीचा पडदा खिळ्यांनी ठोकला आहे. पंचवीस घरांतले दिवे ज्या रस्त्यावर विझले, त्याच रस्त्याने तुम्ही आठवड्यातून चार वेळा जाता. लाज वाटली पाहिजे. तुम्हाला, तुमच्या गाडीवर शिक्का मारणाऱ्याला, आणि किलोमीटरचा भाव पाडून बसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला.

गिऱ्हाइकाचे मी उगाच म्हणत नाही. बुकिंगच्या वेळी तुम्हाला काय विचारले जाते ते मी ऐकले आहे. किलोमीटरला किती? एसी आहे का? गाणी ब्लूटूथवर लागतात का? टोल कुणाचा? पेटीबद्दल आजवर एकाही वऱ्हाडाने, एकाही सहलीने विचारले नाही, असे तुम्ही म्हणालात आणि ते खरे असणार. गाडीचा हप्ता, विमा, परमिट, डिझेल, टायर, आणि लग्नसराई सरली की उभी राहणारी गाडी. रात्री पाहुणे भक्तनिवासात झोपतात आणि तुम्ही सीट मागे पाडून गाडीतच. जे कुणी मागत नाही त्यावर तुम्ही का खर्च करावा?

आणि तुम्हीच सांगितलेली दुसरबीडजवळची ती गोष्ट. मोटारसायकलवरची दोन पोरं पडलेली पाहून तुम्ही रिकामी गाडी थांबवलीत, दोघांना उचलून दवाखान्यात नेलेत, आणि मग "तुम्हीच ठोकलं का?" या एका प्रश्नावर रात्रभर बाकावर बसून राहिलात. सीटकव्हर गेले, दुसऱ्या दिवशीची फेरी गेली. "तेव्हापासून थांबत नाही," म्हणालात. भाऊ, इथे माझा राग थोडा वेळ गप्प बसला. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि मोटार वाहन कायद्यातल्या 134अ या कलमाने 2019 च्या दुरुस्तीपासून, जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. वेळेत दवाखाना गाठून देणाऱ्यासाठी केंद्राची 'राहवीर' योजना आहे, 25 हजारांची. हे सगळे छापलेले आहे, पण तुमच्यापर्यंत ते कुणी आणले नाही. तुमच्यापर्यंत फक्त पासिंगची फी पोचते. म्हणून पुन्हा थांबा, ही विनंती. पण थांबाल तेव्हा हातात काहीतरी असू द्या.

काय असू द्या, तेही सांगतो. 1888 मध्ये अमेरिकेत रेल्वेमार्गावरच्या मजुरांसाठी जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने पहिल्या तयार पेट्या बाजारात आणल्या, त्या एवढ्याचसाठी की दवाखाना फार लांब असे. लोणारहून बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय सुमारे 90 किलोमीटर. अंबाबरव्याच्या जंगलात मोबाइलला रेंज शोधावी लागते. बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्य आहे, तिथे 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला टी1-सी1 नावाचा वाघ अनेक जिल्हे पायाखाली घालून पोचला. त्याच्याकडेही पेटी नव्हती. पण त्याने कुणाकडून किलोमीटरला पैसे घेतले नव्हते.

तर यादी. डिस्पोजेबल हातमोजे. निर्जंतुक गॉजच्या घड्या, भरपूर. चार आणि सहा इंची रोलर बँडेज. मुरगळीसाठी क्रेप बँडेज. हात गळ्यात अडकवायला त्रिकोणी पट्टी. चिकटपट्टी. बोथट टोकाची कात्री, चिमटा. जखम धुवायला सलाइनची लहान बाटली, पोव्हिडोन आयोडीनचे मलम. ओआरएसची पाकिटे, कारण आपल्याकडे मे महिन्यात माणूस रक्तापेक्षा घामाने आधी पडतो. पॅरासिटामॉल. टॉर्च. एका कागदावर 108, 112, महामार्गासाठी 1033, आणि वाटेतल्या दवाखान्यांचे नंबर. मोडलेल्या हाताला आधार द्यायला जाड घडीचे वर्तमानपत्र चालते. ते तुमच्या डॅशबोर्डवर पडलेलेच असते.

हे सगळे त्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत गोळ्या बाद होतात, मलम पातळ होते, चिकटपट्टीचा डिंक वितळतो. कापडी पिशवीत भरा, कुलूप लावू नका, डिकीत सामानाखाली टाकू नका, रात्री गाडीतून काढून सावलीत न्या. ऑइल बदलाल तेव्हा तारखा बघा.

आणि दोन गोष्टी डोक्यात ठेवा, त्यांना जागा लागत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचे, थांबले का म्हणून सारखे उचलून बघायचे नाही. भिजले तर त्यावरच दुसरे ठेवायचे. साप चावला तर चिरा नाही, चोखणे नाही, करकचून दोरी नाही. चावलेला पाय हलू न देता थेट दवाखाना.

त्या वूफरच्या पैशांत अशा किती पिशव्या भरतील, हा हिशेब तुम्हीच करा. तुमचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे.

बाकी हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगणे. गाडी ठरवताना एसीच्या आधी पेटी उघडून दाखवायला सांगा. हातोडी कडीत आहे का बघा. नसेल तर पाच रुपये किलोमीटर स्वस्त मिळाली तरी त्या गाडीत पोरंबाळं बसवू नका.

आणि मालक, तुम्हाला शेवटचे: पिशवी भरा. भरायची नसेल तर पेटीवरचा लाल अधिक आजच खरवडून टाका. निदान पुढच्या जखमी माणसाला कुणी खोटी आशा दाखवणार नाही.

आपला,
मागच्या सीटवरचा प्रवासी