कायमराव

जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही सरकारी वा निमसरकारी कचेरीत, म्हणजे जिच्या जिन्याचे कोपरे तांबूलरसाने रंगलेले आहेत आणि जिच्या भिंतीवर लाच देणे व घेणे हा गुन्हा असल्याची पाटी लटकते आहे अशा कोणत्याही वास्तूत, आस्थापना शाखेचे टेबल शोधीत आपण गेलात, तर तेथे पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ मान खाली घालून काहीतरी लिहीत बसलेले हटकून आढळतात. त्यांचे खरे नाव दर जिल्ह्यागणिक निराळे असते. परंतु त्यांच्या स्वभावाचा उगम नावात नसून नेमणुकीत असल्यामुळे त्यांना कायमराव म्हणणेच न्याय्य होईल. कायमराव आयुष्यात दुसरे काही झाले नसतील, पण कायम झालेले आहेत.

या कायमपणाचे तेज त्यांच्या मुखावर बारमाही विलसत असते. दर 1 जुलैला त्यांची वेतनवाढ न मागता येते, दर सहामाहीस पंधरा दिवसांची अर्जित रजा त्यांच्या खाती आपोआप जमा होते, आणि त्यांचे सेवापुस्तक, ज्याला ते घरच्या पोथीइतक्याच सोवळेपणाने हाताळतात, नोंदींनी दिसामासाने पुष्ट होत जाते. त्यातही ते 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नोकरीस लागलेले, म्हणजे जुन्या निवृत्तिवेतनाचे धनी. त्यामुळे त्या तारखेनंतर कायम झालेल्या सहकाऱ्यांकडेही ते किंचित करुणेनेच पाहतात. मग ज्याची नेमणूक मुळातच अकरा महिन्यांची, त्याच्याकडे त्यांनी कोणत्या नजरेने पाहावे? त्यांनी त्यावर सोपा तोडगा काढला आहे. ते पाहतच नाहीत.

आरोग्याच्या राष्ट्रीय अभियानाला 2005 साली आरंभ झाल्यापासून असे अकरा महिन्यांचे जीव जिल्हा परिषदांच्या इमारतींत वस्तीस आले. हा नवागत बहुधा पदवीधर असतो, कधी अभियंताही असतो, आणि 'निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात, कंत्राटी पद्धतीने' असा दोनदा बजावलेला आदेश प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन पहिल्या दिवशी पावणेदहाच्या आतच दाखल होतो. "नमस्कार, भाऊसाहेब," असे तो म्हणतो. कायमराव पानाच्या अखेरपर्यंत लिहीत जातात, टाक असता तर तो झटकला असता अशा थाटात बॉलपेन खाली ठेवतात, आणि शिपाईमामांकडे वळून विचारतात, "एनआरएचएमवाले का हे?" आपल्या हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या इसमाची चौकशी तिऱ्हाइताकडे करण्याची ही कला वर्षानुवर्षांच्या साधनेने त्यांना वश झालेली असते.

पुढे नवागताची स्थापना अभिलेख कक्षाच्या दाराशी, कपाट उघडले की जिला उठावे लागते अशा एका खुर्चीवर होते. पाण्याचे पिंप कोठे आहे हे त्याला कोणी सांगत नाही. चहा येतो तो माणसे मोजून, आणि ती मोजणी मंजूर पदांनुसार झालेली असल्यामुळे पेल्यांची रांग त्याच्या टेबलाच्या अलीकडेच संपते. दुपारी वर्तमानपत्र पसरून डब्यांचे जे वर्तुळ भरते, त्यात मेथीची भाजी, ठेचा आणि महागाई भत्त्याची थकबाकी हे तिन्ही पदार्थ रोज वाढले जातात. भत्ता ज्याला लागू नाही त्याने त्या वर्तुळात बसून करायचे तरी काय, हा कायमरावांचा प्रश्न वरकरणी बिनतोडच म्हणावा लागेल.

हा सारा कुजकेपणा आहे असे समजणारे समजोत; मला मात्र तो हिशेबीपणा वाटतो. ओळख ही कायमरावांच्या लेखी दीर्घ मुदतीची ठेव आहे. त्यांनी पूर्वी कधी एका कंत्राटी पोराला मुलासारखे वागवले, तर तो तलाठ्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन निघून गेला. दुसऱ्याच्या लग्नाला ते स्वखर्चाने गेले, आहेराचे पाकीट दिले, आणि कायमरावांच्या कन्येचा विवाह ठरेपर्यंत त्या गृहस्थाच्या मुदतवाढीचा प्रस्ताव नामंजूर होऊन तो भलत्याच जिल्ह्यात पोहोचलेला होता. अशा रीतीने आहेर बुडाल्यावर कोणता विचारी मनुष्य पुन्हा स्नेहाच्या भानगडीत पडेल? जो पुढच्या गणपतीला वर्गणी द्यायला असेलच याची शाश्वती नाही, त्याला यंदाच्या प्रसादाला बोलावणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने विनातारण कर्ज.

तेव्हा या मौनाच्या तटबंदीपुढे नवागताने काय करावे? कोणी विनोद करून पाहतो; त्या विनोदाची आवक नोंद होते, जावक होत नाही. कोणी सर्वांची कामे अंगावर घेऊन प्रिय होऊ पाहतो. तो इतका यशस्वी होतो की महिन्याभरात शाखेतील चारही टेबलांचे टंकलेखन त्याच्या संगणकावर येऊन पडते, आणि चहा तरीही पूर्वीच्याच टेबलापाशी संपतो. शहाणा असतो तो पहिले दोन आठवडे शिपाईमामांच्या सहवासात काढतो, कारण कचेरीत कोण कोणाशी का बोलत नाही याचा साद्यंत इतिहास त्यांच्यापाशीच असतो. आणि मग एके दिवशी कायमरावांच्या कानी पडेल अशा बेताने, परंतु त्यांना उद्देशून मुळीच नव्हे, एखादा नियम चुकीचा सांगतो.

"किरकोळ रजेला जोडून अर्जित रजा घेता येते, असं वाटतं," एवढेच तो मामांना म्हणतो.

लेखणी थांबते. चष्मा कपाळावर चढतो. "कोण म्हणतं?" असा प्रश्न येतो, आणि महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 हे जीर्ण पुस्तक खणातून बाहेर पडते. माणसाकडे दुर्लक्ष करणे कायमरावांना सहज जमते, परंतु चुकीच्या नियमाकडे दुर्लक्ष करणे हे त्यांच्या प्रकृतीच्या बाहेरचे आहे. त्यानंतर पाऊण तास ते बोलतात, नवागत ऐकतो, आणि अखेरीस "बसा की, उभे का?" हे शब्द त्यांच्या तोंडून अनवधानाने निसटतात. रोज एक चूक, या प्रमाणात औषध चालू ठेवले तर दिवाळीपावेतो डब्याच्या वर्तुळात जागा मिळते, असा जाणत्यांचा अनुभव आहे.

अर्थात या सलगीने कर्तव्यात बाधा येत नाही. अकरावा महिना सरत आला की मुदतवाढीपूर्वी सेवेत एक दिवसाचा खंड देण्याची टिप्पणी कायमरावच तयार करतात, आणि नियमित सेवेचा कोणताही हक्क सांगता येणार नाही ही अट, सर्वोच्च न्यायालयाच्या 10 एप्रिल 2006 च्या उमादेवी प्रकरणातील निर्णयाचा हवाला देऊन, अशा भक्तिभावाने लिहितात की अनभिज्ञ वाचकाला उमादेवी हे एखादे जागृत दैवत वाटावे. खंडाच्या दिवशी पोरगा नेहमीप्रमाणे हजर होतो, कारण अहवाल पाठवायचे असतात. कायमराव त्या दिवशी त्याच्याशी चकार शब्द बोलत नाहीत. कागदोपत्री जो इसम उपस्थित नाही त्याच्याशी संभाषण करणे नियमबाह्य होय. मात्र धारिका निमूटपणे त्याच्या टेबलावर आणून ठेवतात. कामाला खंड देण्याची तरतूद आदेशात नसते.

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. स्वतःची पेन्शन शाबूत असूनही कायमराव बंधुभावाने मंडपात बसले, आणि कचेरी आठवडाभर अकरा महिनेवाल्यांच्या स्वाधीन झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी घोषणांच्या गदारोळातून त्यांनी पोराला फोन केला. विषय बारनिशीचा होता, ती डाव्या खणात आहे एवढेच सांगायचे होते, पण सांगून झाल्यावरही त्यांनी फोन ठेवला नाही. माझ्या खुर्चीवर कोण बसलंय, असे त्यांनी दोनदा विचारले.

अखेर अठ्ठावन्न वर्षे भरतात. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ आणि साश्रू भाषणे होतात. शाखेत त्यांच्याइतके जुने दप्तर ठाऊक असलेला दुसरा कोणी नसल्याने साहेब प्रस्ताव पाठवतात, आणि काही महिन्यांनी कायमराव विवक्षित कामासाठी, करार पद्धतीने, त्याच इमारतीत पुन्हा दाखल होतात. त्यांच्या टेबलावर आता तिशीची एक नवी कनिष्ठ सहायक बसलेली असते. मान वर न करता ती त्यांच्यापुढे हमीपत्राचा छापील नमुना सरकवते. कायमराव तो उभ्यानेच वाचतात: नियमित सेवेचा हक्क नाही, मुदत संपताच सेवा आपोआप संपुष्टात. मग खिशातून तांबड्या शाईचे पेन काढून ते तिसऱ्या अटीखाली रेघ ओढतात, समासात 'संदर्भ क्रमांक नमूद नाही' असा शेरा मारतात, आणि सही न करता तो कागद त्रुटीपूर्ततेसाठी परत करतात.